दोन ओळींची पाटी

निधी मंजूर झाला, हे आम्हाला कळलं फ्लेक्सवरून.
हात जोडलेले अकरा चेहरे, खाली रक्कम,
रकमेच्या शेवटच्या दोन शून्यांवर
कबुतराची शीट.

मग टेप घेऊन आला तो पोरगा,
कनिष्ठ अभियंता, मंद्रूपकडचा असावा,
साहेब दिसावं म्हणून बोलताना ‘बे’ गिळायचा.
गाळा नंबर चौदा, आठ बाय दहा.
“साडेनऊ,” मी म्हटलं,
“अर्धा फूट भिंतीनं खाल्लाय, एक्क्याण्णव सालीच.”
त्यानं दहाच लिहिलं.

काय काय पाहिजे सांगा, म्हणाला.
चिट्याल म्हणाले, छत.
त्यांच्या टॉवेलच्या गठ्ठ्यांवर ओलीचे नकाशे उमटलेत,
एक तर हुबेहूब आजोबांच्या करीमनगरसारखा.
मैनुद्दीन घड्याळवाले म्हणाले, जिन्यात लाईट.
इरय्या म्हणाला, आधी संडास बांधा बे,
तीस वर्षं झाली, बायामाणसांना सांगतोय
समोरच्या दवाखान्यात जावा म्हणून.
मी म्हटलं, नळ.
पाणी चार दिवसांआड येऊ दे,
पण यायला तोंड तर पाहिजे.

सगळं यादीत घेतलंय, म्हणाला.

झालं ते असं:
दर्शनी बाजूला चॉकलेटी पत्र्याचा मुखवटा,
पेव्हर, एक रॅम्प, स्टीलचा कठडा
(एप्रिलात दुपारी दोनला हात लावून बघा),
आणि सगळ्यांना एकसारख्या पाट्या, निळ्यावर पांढरं.
अर्ज भरा. नाव दोन ओळींत बसवा.

माझ्या गाळ्याला नाव नव्हतंच कधी.
फॉल-पिको, जिन्याखालची. एवढ्यावर
चौतीस वर्षं साड्या बरोबर येत गेल्या.

पायरीवर शिवगंगा बसायची,
कडक भाकरीची चळत, शेंगाचटणीचा डबा.
तिला गाळा नाही, म्हणून अर्ज नाही.
पाटी होती तिच्याकडे, पण डोक्यावरची.
पायऱ्या फोडल्या त्या दिवशी भांडली नाही.
उठली, चळत उचलली,
माझ्या मशीनच्या पायडलजवळ मांडली.
“आठ दिवस गं,” म्हणाली.
पाच महिने झाले.

अर्जात दोन ओळी. मला एक पुरत होती.
दुसरीत लिहिलं: शिवगंगा कडक भाकरी.
खिडकीतला म्हणाला, एका गाळ्यात एकच धंदा.
मी म्हटलं, एकच आहे की.
साडीची कड मी बघते, भाकरीची ती.
हसला नाही. शिक्का मात्र मारला.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री पाट्या लागल्या.
पहिली ओळ कुठं गळाली, सिद्धरामेश्वरालाच माहीत.
माझ्या दारावर आता एकच ओळ,
मोठ्या अक्षरांत, मधोमध:
शिवगंगा कडक भाकारी.
काना एक जास्त, सरकारी खर्चानं.

ठेकेदार पुण्याचा, फोन बंद.
संडासाचं टेंडर परत निघणार आहे म्हणे.
नळाचं कुणी बोलत नाही.
छत मुखवट्याच्या मागं तसंच आहे,
फक्त आता ते खालून दिसत नाही.

परवा एक नवी सून आली, जुळे सोलापुरातनं,
पिशवीत चार साड्या, वर बघत
पाटी वाचली, जरा घुटमळली,
“शिवगंगाबाई?”

मी हिच्याकडे बघितलं.
ही म्हणाली, “तूच ओ दे की.
माझे हात चटणीचे आहेत.”