भाग्यरेखाला, ओहायोच्या पत्त्यावर

बावीस वर्षं तू अमेरिकेत,
आणि युरोपचं विचारलालीस मला?
साखर पेठेतल्या जेकार्ड मेकॅनिकला,
जो आयुष्यात एकदाच गेला, नऊ दिवस,
गाजंगी मालकांबरोबर, टॉवेलच्या प्रदर्शनाला,
तेही ऐन गड्ड्याच्या जत्रेत.
बरं. लिहून घे.

पाणी विकत.
टेबलावर आपोआप तांब्या येत नाही.
बुडबुड्याचं का साधं, असं विचारतात
आणि दोन्हीचं बिल लावतात.
मालक पहिल्या रात्री तीन बाटल्या प्याले,
ढेकर देऊन म्हणाले, सोडा फुकट वाटलालेत बे!
बिल आल्यावर गप्प.
तुला ग्लासभर बर्फ लागत असेल. विसर.
पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावची तू,
एवढं जमंल.

मुतारीला पैसे पडतात, सुटे ठेव.
माझ्याकडं पन्नासाची नोट होती
आणि दारात बशी घेऊन बसलेली एक बाई.
तिनं नोटेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
हातानंच म्हणाली, जा.
तोंडावर तुझ्या आईसारखा शीण,
हजार विड्या वळून झाल्यावर असायचा तसला.
जाताना तिला बिस्किटाचा पुडा दिला.
घेतला तिनं.

रेल्वेत हळू बोला.
मी चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात ओरडून बोललोय,
माझं कारण आहे.
तुमच्याकडच्या लोकांचं काय कारण, कळलं नाही;
एका डब्यात चौघं होते,
त्यांच्या जावयाचं ऑपरेशन मला अजून पाठ आहे.

काही गावांत तिकीट नुसतं काढून भागत नाही,
फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा.
रविवारी दुकानं बंद, शनिवारीच पाव घेऊन ठेव.
वेटरला पाचवा हिस्सा देत बसू नको,
वरची चिल्लर सोडली तरी तो नीट बघतो तुझ्याकडं.

पहिला मजला म्हणजे एक जिना चढून.
पिन दोन गोल पायांची, आपलीच;
माळ्यावरच्या डब्यातला जुना चार्जर
फ्रँकफुर्टच्या भिंतीत गपकन बसला,
मला तर घरी आल्यासारखं झालं.
चाळीस म्हणजे तिथंही ऊन, थंडी न्हवं.
आणि बऱ्याच लॉजमध्ये एसी नसतो.
खिडकी उघड. ओला पंचा टाक.
हे तुला सांगायला लागावं?

तारीख मात्र नीट वाच.
आधी दिवस, मग महिना.
तू एकदा कळवलं होतंस, सात-तीनला येते.
सात मार्चला तुझी आई
हैदराबादच्या विमानतळावर सहा तास उभी होती,
पदराखाली शेंगाचटणीचा डबा.
तू उतरलीस तीन जुलैला.
फोनवर तू हसलीस खूप.
ती पण हसली.
असो.

पाकीट पुढच्या खिशात. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी.
कडक भाकरी ने, चार दिवस काही होत नाही तिला;
विमानतळावर विचारलं तर सांग, खायची वस्तू आहे,
त्यांना ती कौल वाटते.

अजून एक. हे तुमच्या कुठल्या पुस्तकात नसणार.
लॉजवर पोचलीस की आधी टॉवेल उलट.
किनार बघ. कोपऱ्यातली शिवण बघ.
मी नऊच्या नऊ दिवस बघितलं,
चार लॉज बदलले.
एका ठिकाणी लेबल कापलेलं होतं,
पण काठाजवळ एक धागा सुटलेला,
दर सव्वा वितीवर, तसाच, पुन्हा.
आमच्या शेडमधल्या सात नंबरच्या मागाची ती खोड होती,
मी कितीदा खोललाय तो,
गेली नाही.

मालकांना सांगितलं नाही. म्हणाले असते, डिफेक्ट.
तोंड पुसलं, पुन्हा पुसलं,
आणि चौघडी घालून ठेवला,
आपल्याकडं पाहुण्याला देतात तसा.

तुला सापडला तर फोटो पाठवू नको.
तोंड पूस नुसतं.