तिसाव्या दिवसाचा रकाना

लिफाफा मी फोडते. हेच माझं काम.
तोवर पोट उघडंच असतं,
आतड्याचा वीतभर तुकडा बरणीतून
तपासणीला गेलेला,
उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडून झालेली,
आणि डॉक्टर बुथैना हातमोजे छातीशी धरून
मास्कवरून माझ्याकडे बघतात:
काय निघालं?
पिना, मी म्हणते. किंवा दोरा.
तिसरं काही निघत नाही.

आतले थर सगळ्यांचे सारखेच शिवतात.
चिठ्ठी फक्त वरच्या कातडीची,
बेंबीला वळसा घालून जाणाऱ्या
वीत-दीड वीत रेघेची.

दाऊद परकार, वय अठ्ठावन्न, काम परांची बांधणं,
गाव चिपळूणच्या अलीकडे.
संमतीपत्राची चार पानं मी मराठी करत वाचली.
मालवणच्या बाईनं चिपळूणच्या माणसाला
मुहर्रकमध्ये इंग्रजी कागद समजावायचा
म्हणजे मध्ये दोनदा माशांचा विषय निघतोच.
मग म्हणाले, सिस्टर, पण बरं कुठलं?
माहीत नाही.
डॉक्टरीणबाईंना?
त्यांनाही नाही. म्हणून तर चिठ्ठी.

बराच वेळ आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, आमच्यातही हेच.
आधी बांबूला काथ्या होता, मग पाइपला क्लॅम्प आला.
काथ्यावाले म्हणायचे, क्लॅम्प सरकतो.
क्लॅम्पवाले म्हणायचे, काथ्या कुजतो.
पडणारा दोन्हींवरून पडला.
दाखवा, सही कुठं करू.

त्यांना पिना निघाल्या. एकतीस.
दहाव्या दिवशी मीच काढल्या,
स्टीलच्या ट्रेमध्ये एकेक टिण् करून पडत होती
आणि फोनवर, चिपळुणात,
त्यांची बायको मोठ्यानं मोजत होती.
एकोणतीसला ती चुकली. तिनं पुन्हा पहिल्यापासून
मोजायचं म्हटलं, तर हे हसले,
आणि हसू नका म्हणून मी ओरडले,
पोटावर हात ठेवा आधी.

बायकांच्या वॉर्डात उम्म जासिमना दोरा.
बोटानं चाचपून विचारतात, गेला कुठं?
विरघळला, मी म्हणते.
आणि ते आतलं, ज्यासाठी कापलं, ते?
ते डॉक्टर सांगतील, मी म्हणते.
माझ्या तक्त्यात तेवढं नाही.
माझ्या तक्त्यात लाली, सूज, पू,
टाका उसवला का, किती बोटं,
दुखणं दहापैकी किती.
दहापैकी, म्हटल्यावर लोक
माझं तोंड बघून आकडा सांगतात.

आजवर दोऱ्यातल्या एकाला खालच्या टोकाशी पू झाला,
पिनांतल्या दोघांना.
एवढ्यावरून काही म्हणायचं नाही,
डॉक्टर बुथैनांनी बजावलंय.
मी म्हणत नाही. पण ड्रेसिंग बदलताना
हात आपले आपण मोजतात.

तिसाव्या दिवशी फोन करायचा असतो.
परकारांचा लागला नाही.
कंपनीकडे विचारलं: व्हिसा संपवला, परवाच पाठवला.
बावीस वर्षांचा माणूस, परवाच.
चिपळूणचा नंबर कागदावर नव्हता,
तो त्यांच्या फोनमध्ये होता, आणि फोन इथल्या सिमचा.
रकान्यात मी लिहिलं: संपर्क नाही.
डॉक्टर म्हणाल्या, असे काही जण धरलेलेच असतात.

त्रेचाळिसाव्या दिवशी, दुपारी, मी भात खात असताना,
सिस्टर, मी दाऊद. नंबर मिळवायला वेळ लागला.
जखम बंद आहे. बायकोनं बघितली, मी बघत नाही.
खाजते, पण वरच्या बाजूला, तुमचं काही चुकलं नाही.
दुसरे डॉक्टर लागलेत, कराडला,
पुढची औषधं तिकडंच घ्यायची म्हणतात.
लिहून घ्या की.

त्रेचाळिसाव्या दिवसाला रकाना नाही.
हो, म्हटलं, लिहिते,
आणि त्यांच्या फोडलेल्या लिफाफ्याच्या मागे
पेन्सिलीनं लिहिलं: बंद आहे. वर खाजते.
दहापैकी किती, ते विचारायचं राहिलं.