नऊ ते अकरा इंच

माझ्या टेपावर नऊ ते अकराच्या मधलं
आता वाचता येत नाही.
दहा तर पूर्णच गेला.
चिंधीने खाल्ला.
चार महिन्यांची, एवढीशी,
मशीनखालच्या कातरणांच्या गाठोड्यात जन्मली
म्हणून नाव तसं.

आधी वाटलं, माजली.
मशीनचा पट्टा चावला,
सरपंचीणबाईच्या ब्लाउजचं लटकन चावलं,
खुर्चीचा पाय, चपलेचा अंगठा,
मग माझाच अंगठा.
त्यात तीस वर्षांच्या सुयांची भोकं आधीचीच,
तिला वाटलं असेल, इथे जागा तयारच आहे.

एक दिवस भाकर हुंगली आणि मागे फिरली.
धरलं मांडीत, ओठ वर केला:
हिरडी लालभडक,
एका सुळ्याला खेटून दुसरा सुळा,
दारव्ह्याच्या एसटीत
एका सीटवर दोघं बसतात तसा,
आणि पहिला काही उठायला तयार नाही.

गुरांच्या दवाखान्यातल्या उईके डॉक्टरांना फोन लावला.
हसले.
"बाई, मी बैलाचे दात मोजतो.
मांजरीचे पहिल्यांदाच कोणी इचारले."
मग म्हणाले, पडतील आपले आपण,
मऊ खाऊ घाला,
धागा तेवढा गिळू देऊ नका, आतड्यात अडकते.

धागा.
शिंपिणीच्या घरात.

त्या रात्री लाइन गेलेली,
मोबाइलचा उजेड दातात धरून
मी गुडघ्यांवर अख्खं घर विंचरलं.
फटीतला लाल, उंबऱ्यावरचा खाकी,
कुण्या नवरीच्या शालूची जर,
कुण्या मयताच्या पांढऱ्या कापडाची दशी,
सगळं बिस्किटाच्या डब्यात कोंबलं, झाकणावर वरवंटा ठेवला.
ती बसली समोर,
शेपूट पायांभोवती घेऊन,
मालकिणीला एवढ्यात काय झालं बघत.

दुपारी पत्रा तडतडे.
माझ्या जुन्या सुती साडीचा पदर फाडला,
पीळ दिला, गाठ मारली,
माठाखालच्या ओल्या रेतीत पुरून ठेवला.
गार झाला की तिला द्यायचा.
दोन्ही पंजांत धरायची,
डोळे मिटून, मान वाकडी करून
कडकड चावायची.
मी कुस्करलेलं अंडं बोटावर घेऊन थांबायची.
गिऱ्हाईक दारात उभं.
"जरा दम धरा," म्हणायची, "लेकरू जेवून राह्यलं."

दात सापडला तो गणवेशाच्या हिरव्या कापडावर.
तांदळाची कणी म्हणून फुंकणार होते.
टोक लागलं बोटाला.

तांड्यावरचा अंकुश चड्डीच्या मापाला आलेला,
पुढचे दोन त्याचेही नाहीत.
"काकू, फेका कवेलूवर,
म्हना, उंदीरमामा, मांजरीचा दात घे
अन् तुहा दे."
म्हणाला आणि स्वतःच थांबला.
"पन थो कावून देईन?
त्याले मालूम नाई का, कोनासाठी मांगून राह्यलो?"

बराच वेळ आम्ही दोघं छपराकडे पाहत राहिलो.
मग दात मी प्रेस बटणांच्या डबीत टाकला.
अजून तिथेच आहे.
एकदा चुकून टाचायलाच घेतला होता.

आता शाळा उघडल्यात.
दहा इंच बोटांनीच मोजते.
गेडामांच्या पोरीची बाही अर्धा बोट लांब झाली,
वाढतं अंग आहे, म्हटलं, दिवाळीपर्यंत बरोबर बसंन.
नवा टेप घे म्हणतात सगळे.
घेईन.

काल रात्री काज करताना
चिंधी मांडीवर आली.
सगळे दात नवे, सुईसारखे.
माझा अंगठा तिने तोंडात घेतला,
नीट, सुळ्यांच्या मधोमध,
आणि दाबला नाही.

मीच वाट पाहत राहिले.