सुरगाठ

तार्तू. बाहेर उणे सतरा, तळघरात सव्वीस.
कोट खुंटीला, स्वेटर खुर्चीला,
आणि मी, हेल्वे, एकावन्नाव्या वर्षी
न दिसणाऱ्या दोऱ्या ओवत बसलेली.

ताउरीला चाळीस यंत्रं हवीत.
यंत्रं म्हणायची एवढंच. लोखंड तेच, चार पेट्या,
त्यांच्या पोटात चाळीस जणांचा भास.
तेवढं मी पूर्वीही देत होते,
पण प्रत्येकाला एकच दार, एकच पत्ता,
सगळे एका आळीत, एकमेकांच्या तोंडावर.

तो म्हणतो, मला तीन-तीन दारं लागतील.
एक तुझ्याकडे उघडणारं, एक शेजाराकडे,
आणि एक असं, की पलीकडे कोण आहे
ते आतल्यालाही ठाऊक नसावं.
मला रस्ता मध्येच तोडायचाय. त्यावर उशीर पेरायचाय.
शंभरातली तीन पाकिटं गहाळ करायचीत
आणि बघायचंय, उरलेली वळसा घालून पोचतात का.

पूर्वी याला फॉर्म होता.
हिरवा, दोन सह्यांचा. मग मी जिना उतरून
निळी केबल सातव्या खाचेतून उपटून अकराव्यात खोचणार,
तोवर पोराचा प्रश्न शिळा.
सगळ्या निरगाठी. सोडवायला दात लागायचे.

आता सुरगाठ शिकतेय.
स्विच आहे, पण हाताला लागत नाही.
तार आहे, पण तिच्यात अडखळून कोणी पडत नाही.
पाकिटाच्या कपाळावर एक आकडा टेकवायचा,
दोनशे सात, तीनशे बारा,
की एकाच तांब्यातून दोन कुळं जातात
एकमेकांचं तोंड न पाहता.

बाबा बर्फात जुनिपरच्या फांद्या रोवायचे.
समुद्र गोठला की रोहुक्युलापासून वोर्म्सी बेटापर्यंत.
आधी गिरमिटानं भोक, मग जाडी मोजायची, मग फांदी.
दोन फांद्यांमधला तेवढा रस्ता, बाकी पाणी.
गाडीत पट्टा बांधायचा नाही, हा तिथला नियम.
बुडालात तर सुटता यायला हवं.
लहानपणी मला वाटे, रस्ते सगळीकडे असेच असतात,
फेब्रुवारीत येतात, मार्चमध्ये जातात.

मंगळवारी रात्री मी चुकले.
ताउरीचं जाळं घरच्या जाळ्याला जोडलं गेलं,
तेही दोन टोकांनी.
एक हाक फिरून फिरून स्वतःलाच ओ देऊ लागली,
दोनाच्या चार, चाराच्या चाळीस हजार,
आणि अकरा मिनिटं अख्ख्या विद्यापीठाचं टपाल बुडालं.
दातांच्या दवाखान्यातून फोन. ग्रंथालयातून फोन.
मग कुलगुरूंच्या कचेरीतून.
तिथला आवाज फारच शांत होता.

पट्टा बांधलेला नव्हता, म्हणून वाचले.
एक ओळ पुसली. गाठ सुटली.

सकाळी ताउरी आला, राईचा पाव चघळत.
मी सगळं सांगितलं, मान खाली घालून.
त्याचे डोळे लकाकले:
"वादळ! मोजलंस का? नोंद ठेवलीस?"
नव्हती ठेवली.
आमच्यात गाढव कोण, ते अजून ठरलेलं नाही.

आज त्यानं चाळीसच्या चाळीस पुसून टाकली.
पडद्यावर रिकामी यादी. पेट्यांचे दिवे मात्र
काहीच न झाल्यासारखे लुकलुकताहेत.
वसंतात बाबा फांद्या काढायला जात नसत.
बर्फ फुटला की त्या आपसूक वाहत यायच्या,
आम्ही वेचून वाळवायचो,
त्यांच्या धुरावर मासे लटकवायचो.
खारट लाकडाचा तो वास
कुठल्या आकड्याखाली ठेवू?

दोनशे सात मोकळा झालाय.
दाराशी कुणी माइलिस उभी आहे, टोपीवर बर्फ,
म्हणते, पन्नास यंत्रं मिळतील का.

मिळतील, मी म्हणते. बस.
दारं किती?