आसिम

बाहेर उणे एकतीस.
काचेवर नाव अजून ओलं : आसिम.
म्हणजे आंबटपणा, बाकी काही नाही.

नानाय पहिल्या टेबलाशी, कोट न काढता.
तेवीस वर्षं विनिपेगच्या कारखान्यात तिनं पार्का शिवले;
आधी शिवण बघते ती, मग माणूस.

तिच्यापुढे मी प्लेट ठेवते:
चिंचेच्या रश्श्याचे सात थेंब,
एक कोळंबी,
नखाएवढी मुळ्याची चकती.
ती प्लेट फिरवून बघते.
"बाकीचं कुठंय?"

बाकीचं, नानाय,
त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहिलं.
सुकटीचा वास जिन्यात गेला
म्हणून घरमालकानं दार बडवलं,
आणि भर जानेवारीत खिडकी सताड उघडून
आपण तिघं कानटोप्या घालून जेवलो.

तीच सुकट आता लोण्यात घोटून
अठरा डॉलरला देतेय मी.
एफ्रेन म्हणतो, स्वस्त लावलीस.

पहिलं गिऱ्हाईक आत येतं,
चष्म्यावर वाफ. थबकतं,
नाक वर करतं.

नानायचा हात सवयीनं
खिडकीच्या कडीकडे जातो.
मी बोलत नाही.
ती कडी चाचपते,
घट्ट लागलीय ना बघते,
कोट काढते
आणि भात मागते.