मो

तीन दिवस, ओसाकात, तिसऱ्या मजल्यावर,
जुलैमध्ये एसी बंद करून,
कारण त्याची घरघर माइकला ऐकू जाते,
मी बाराखडी म्हणत होते.
का कि कु के को.
सा शि सु से सो.
एकेक अक्षर तीन पट्ट्यांत,
मांडीवर ओला टॉवेल, बाटलीत कोमट पाणी.
सर्दी झालेले हिरानुमासान काचेपलीकडून बजावायचे,
"भावना नको. भावना आली की जोड दिसतो."
शिंप्याने शिकाऊ पोराला सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात आईचा फोन आला.
बाबा बागेतच पडले,
संत्र्यांच्या उतारावर, कच्ची फळं विरळ करताना,
शिडीपासून दोन पावलांवर.
"काम संपवून ये," ती म्हणाली,
"आता घाई करून उपयोग नाही."
मी आत गेले. ओळ होती मा मि मु मे मो.
मा सरळ आलं. मि, मु, मेसुद्धा.
मोच्या वेळी हिरानुमासान नाक शिंकरत होते.
त्यांनी बोट वर केलं: चालेल, पुढे.

पैसे पाकिटातून मिळाले, एकदाच.
आवाजाला दुसरं नाव ठेवलं, चित्र काढलं:
जांभळे केस, वय सोळा,
वाढणार नाही.

त्याला सतरा वर्षं झाली.
मी यावाताहामाच्या धक्क्यावर
बेप्पूच्या बोटीची तिकिटं देते.
गाणी ऐकलीच नाहीत, असं नाही.
कोण कुठली मुलं, भातगिरणीत रात्रपाळी करणारी,
शाळा सोडून खोलीत बसलेली,
पहाटे तीनला माझी अक्षरं ओळीने लावतात
आणि निरोप घेतात.
जन्मात न बोललेलं मी बोलत सुटते,
गच्चीबद्दल, रेल्वे फाटकाबद्दल,
परत करायच्या राहिलेल्या छत्रीबद्दल.
श्वास तेवढा माझा नाही.
तो ते दुसरीकडून आणून बसवतात,
दार आपटू नये म्हणून
फटीत कागदाची घडी सारावी तसा.

आमच्या भाषेत मो लांबवलं की त्याचं "आता" होतं.
आता नाही. आता पुरे. आता फार उशीर.
उदास गाण्याला हे अक्षर मिठासारखं लागतं.
आणि दर वेळी,
कुणाच्याही दुःखात,
तिथे क्षणभर एक शिडी उभी असते.

काल शेवटच्या बोटीआधी
एक शाळकरी मुलगी खिडकीपाशी रडत होती.
इअरफोन एका कानात, दुसरा लोंबता,
त्यातून मी, डासाएवढी.
सुटे पैसे मोजता मोजता विचारलं, कोण गातंय?
"कोणी नाही," ती म्हणाली.
"ही खरी नाहीच. म्हणून तर हिचं पटतं.
खरी माणसं रडताना बघत असतात,
आपण बघतोय का ते."

मी तिकिटावर शिक्का मारला.
अगदी जिभेवर आलं होतं.
पण सोळा वर्षांची मैत्रीण काढून घेऊन
तिच्या हातात
एक्केचाळीसची तिकीटवाली कशाला द्यायची?

मग माइक ओढून रोजचंच बोलले:
थोड्याच वेळात बोट सुटेल,
गाड्या आधी, पायी प्रवासी मागून.
थोड्याच वेळात म्हणजे आमच्याकडे मामोनाकु.
त्यातही एक मो आहे, मधोमध, आखूड,
कुणाच्या लक्षात न येणारं.

मुलीने मान वर केली.
भोंग्याकडे पाहिलं.
कानातला इअरफोन काढून पुन्हा पाहिलं.
मग नाक पुसलं, इअरफोन घातला,
आणि फळीवरून चालत गेली
त्या दुसरीला घेऊन.

पुढच्या महिन्यापासून घोषणा यंत्रच करणार आहे.
ऑफिसातून विचारून गेले,
आवाज तुमचाच घेऊ का, सवयीचा आहे लोकांच्या.
मी म्हटलं, घ्या.
फक्त खिडकी उघडी ठेवा,
आणि पंखा चालू राहू दे.