बावीस मिलिमीटर

सोनोग्राफीच्या खोलीत पाटी आहे:
मुलगा की मुलगी, इथे सांगितलं जात नाही.
मला ते नकोच होतं.
मला विचारायचं होतं, कधी.

मॅडम पडद्यावर दोन फुल्या मांडतात,
मध्ये तुटक रेघ.
बावीस, म्हणतात. पिशवीचं तोंड. मिलिमीटर.
बाविसावा आठवडा, बावीस मिलिमीटर,
मला वाटलं, जुळलं, बरं झालं.
पण ते जुळायला नको होतं.

आधीचं बाळंतपण?
एकोणतिसाव्या आठवड्यात.
वजन?
नऊशे ऐंशी.
किती दिवस?
बारा. जळगावला, काचेच्या पेटीत,
पायाला चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने: जागृतीचं बाळ.
तेवढंच नाव झालं त्याचं.

मॅडमनी आकडे मांडले, बेरीज केली नाही,
पण केल्यासारखं थांबल्या.
तुझ्यासारख्या शंभर जणी घेतल्या ना,
तर तीसेक जणी लवकर होतील.

चोपड्याहून अडावदला येईपर्यंत
मी त्या शंभर जणी बसवत होते.
एका एसटीत मावत नाहीत, दोन लागतात.
यातल्या तीस कोण?
खिडकीला डोकं टेकलेली ती?
की मांडीवर मेथीची जुडी घेऊन डुलक्या काढणारी?
मॅडमनाही दिसत नाही.
त्यांना तीस दिसतात, चेहरे नाहीत.
आणि मी एकटी.
मी शंभरातली तीस कशी होऊ?
झाले तर अख्खी होईन.

हेमराज केळीच्या कटाईवर मुकादम.
घडाकडे नुसतं बघून सांगतो,
हा चार दिवसांनी, हा पुढच्या आठवड्यात,
हा आजच, दिल्लीच्या गाडीत.
बोटाने केळाची धार चाचपतो,
धार बोथट झाली की भरलं.
त्या रात्री तो माझ्या पोटाकडे बघत राहिला.
मी म्हटलं, मी केळ नाही.
म्हणाला, माहीत आहे. केळीचं कळतं मला.

टाका घातला. रात्रीची गोळी सुरू.
तारीख कानबाईच्या रोटांच्या आसपासची,
तिथवर अठरा मंगळवार.
कोकिळा सिस्टर दर मंगळवारी येते, तेच विचारते:
कंबर भरून येते का? पाणी जातं का? पोट दगडासारखं होतं का?
मी नाही, नाही, नाही म्हणते
आणि ती गेल्यावर पोटावर हात ठेवून
पुन्हा तिन्ही प्रश्न विचारते.
सासूने एकशे आठ नंबर दाराच्या फळीवर खडूने लिहिलाय.
आते वाकू नको, म्हणते, बादली मी उचलस.

ज्येष्ठात वारा सुटला.
मळ्यात घड धरलेले खांब
एकमेकांना दोऱ्यांनी बांधले, दोन दिवस तेच काम.
हेमराज आला तो शर्टभर चीक घेऊन.
टाक्याबद्दल कधी बोलला नव्हता.
म्हणाला, गाठ कशी मारतात गं त्याची?
मी म्हटलं, मला भूल होती.

एकोणतीस आठवडे, चार दिवस.
मागच्या वेळी इथेच.
कुणाला सांगितलं नाही. पिशवी भरून खाटेखाली ठेवली:
दोन साड्या, फाइल, आधार कार्ड,
आणि एक टोपी, जी त्याला मोठी झाली होती.
रात्रभर वारा. पलीकडच्या मळ्यात
खांब पडल्याचा आवाज आला, मग आणखी एक.
आत कुणीतरी पाय हलवला.
मी म्हटलं, नको. थांब. अजून खूप वारा आहे.

उजाडलं.
एकोणतीस आणि पाच.
हा दिवस मी कधी पाहिलेला नव्हता.
अंगणात नेहमीचंच ऊन, नेहमीचीच कोंबडी,
तरी मी नव्या गावात आल्यासारखी
उंबऱ्यात उभी.

कितला दिन भरनात? सासूने चुलीपासून विचारलं.
म्हटलं, एक जास्त.
कशापेक्षा, ते तिने विचारलं नाही.
कळण्याची भाकरी उलटली.